सुपरकॉम्प्युटर बघायचाय? नाशिक-पुणे हायवे पकडा!

कागद-पेन घ्या. मोबाइलचा कॅल्क्युलेटरही चालेल, पण पेनाची मजा वेगळीच!

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं वर्ष लिहा : २०२७. आता हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ७२२०. मग उलटे : ०२२७. करा वजाबाकी. आले ६९९३. पुन्हा तोच खेळ : ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. पुन्हा : ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. आता शेवटचा डाव : ७६४१ वजा १४६७. उत्तर ६१७४!

आणखी एकदा करून बघा. ६१७४ चे अंक मांडले की परत ७६४१ आणि १४६७. परत ६१७४. इथून सुटका नाही!

माहीत आहे का, चार अंकांची कुठलीही संख्या घेतलीत (चारही अंक सारखे नकोत, बस्स), तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वरच येऊन आदळता? आणि हे शोधून काढलं कुणी? केंब्रिजच्या प्रोफेसरांनी नव्हे. नाशिकजवळच्या आपल्या देवळालीच्या शाळामास्तरांनी!

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत मास्तरकी, आणि उरलेला सगळा वेळ आकड्यांशी गप्पा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची ही करामत मांडली. पण जगभर बोलबाला व्हायला १९७५ उजाडावं लागलं. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर ग्लोबल झाले. आज प्रोग्रामिंग शिकणारी पोरं-पोरी कुठल्या कुठल्या देशांत ‘कापरेकर कॉन्स्टंट’चा कोड लिहीत बसतात.

थांबा, अजून आहे. ‘देवळाली नंबर’ ऐकलाय? खरंच आहे हो! एखादी संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ला जन्मदाता मिळाला : १५. पण २० ला असा कुणीच जन्मदाता नाही. ती स्वयंभू! अशा स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं. २००७ आणि २०२२ ही दोन वर्षंही देवळाली नंबर आहेत. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आता गाडी सुपरकॉम्प्युटरकडे!

जेवढे फ्लॉप, तेवढा हिट

सिनेमा फ्लॉप झाला की निर्माता रडतो. इथे उलटं. सुपरकॉम्प्युटरचा वेग मोजतातच ‘फ्लॉप्स’मध्ये, म्हणजे दशांशचिन्हवाली गणितं दर सेकंदाला किती सुटतात त्यावर. मेगा, गिगा, टेरा, पेटा, एक्सा : दर पायरीला हजारपट उडी.

एक एक्साफ्लॉप म्हणजे एकावर अठरा शून्यं. समजा, पृथ्वीवरची आठ अब्ज माणसं दर सेकंदाला एक गणित सोडवायला बसली. ना चहा, ना जेवण, ना झोप. एक्सास्केल मशीनचं एका सेकंदाचं काम उरकायला सगळ्यांना मिळून जवळपास चार वर्षं लागतील!

हा एक्साफ्लॉपचा उंबरठा अधिकृत यादीत सगळ्यात आधी ओलांडला अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘फ्रंटियर’नं. साल? २०२२. देवळाली नंबर! योगायोगच, पण काय झकास योगायोग!

माहीत आहे का, जगातला पहिल्या नंबरचा सुपरकॉम्प्युटर ठरवणारी परीक्षा कसली असते? समीकरणांची! दहावीच्या बीजगणितात आपण दोन चलांची दोन समीकरणं सोडवतो ना, तीच. फक्त इथे चलं असतात लाखोंच्या संख्येत. परीक्षेचं नाव लिनपॅक, आणि तिचे कर्ते जॅक डोंगारा यांना २०२१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. निकाल वर्षातून दोनदा लागतो : जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. १९९३ पासून ‘टॉप ५००’ नावाची ही गुणवत्ता यादी नियमानं झळकतेय.

आणि या यादीतली सगळीच्या सगळी ५०० मशीन्स कुठल्या सिस्टिमवर चालतात? लिनक्स! नोव्हेंबर २०१७ पासून दुसऱ्या कुणाचा तिथे शिरकावच नाही. कुणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्रांवर राज्य करतंय.

कॉम्प्युटरवाल्यांचा सिंहस्थ

नोव्हेंबरचा निकाल जाहीर होतो ‘एससी’ नावाच्या परिषदेत. अमेरिकेत दरवर्षी भरणारी ही सुपरकॉम्प्युटिंगची सगळ्यात मोठी जत्रा. पहिली १९८८ मध्ये ऑर्लँडोला भरली. २०२४ मध्ये अटलांटात अठरा हजारांच्या आसपास माणसं लोटली होती. त्याच वेळी ‘एल कॅपिटन’ या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या मशीननं १.७४२ एक्साफ्लॉप काढून फ्रंटियरची गादी घेतली.

परिषद म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? सत्काराची शाल, लांबलचक भाषणं आणि मागच्या रांगेतल्या डुलक्या. एससीचा थाट निराळा. तपोवनात सिंहस्थासाठी साधुग्राम उभं राहतं आणि पर्वणी संपली की मैदान मोकळं होतं, तसं इथे अख्खं कॉम्प्युटर नेटवर्क उभं राहतं आणि आठवडाभरात उठतं! नाव ‘एससीनेट’. देशोदेशीचे स्वयंसेवक येतात, कंपन्या यंत्रसामग्री उसनी देतात, मैलोन्मैल फायबर अंथरलं जातं. अटलांटातल्या त्या तात्पुरत्या नेटवर्कची क्षमता सेकंदाला आठ टेराबिटांच्या वर होती. आपल्या घरच्या १०० एमबीपीएस कनेक्शनच्या ऐंशी हजार पटींहून जास्त!

पण माझ्या मते या जत्रेतला खरा आखाडा आहे विद्यार्थ्यांचा. ‘स्टुडंट क्लस्टर कॉम्पिटिशन’. सहा जणांची टीम. स्वतः छोटा सुपरकॉम्प्युटर जोडायचा आणि सलग ४८ तास त्याच्यावर खरीखुरी वैज्ञानिक गणितं पळवायची. अट एकच आणि ती फार चावते : ठरावीक मर्यादेपलीकडे वीज ओढायची नाही. त्यामुळे टीममधला एक जण डोळ्यांत तेल घालून वीजमीटरकडे बघत बसतो. आकडा वर सरकला की लगेच प्रोसेसरचा वेग खाली! काही वर्षी तर आयोजकांनी मध्येच मुद्दाम वीज घालवली. बघू, पोरं सावरतात कशी! भारनियमनात वाढलेल्या आपल्या इंजिनीअरांना हा पेपर सोपा जाईल, नाही का?

आणि वयाचं म्हणाल तर पदवीची पोरं तर खेळतातच, हायस्कूलच्या मुलांनाही प्रवेश आहे.

बसायला या, पण शॉक बसणार नाही

सुपरकॉम्प्युटरवर कुणी बसलेलं पाहिलंय? १९७६ च्या ‘क्रे-१’वर बसता यायचं! इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा गोलाकार मनोरा आणि खाली सभोवार गादीचा बाक. बाकाच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रणा. वजन साडेपाच टन. ‘जगातला सगळ्यात महागडा सोफा’ अशी त्याची ख्याती झाली.

गोल आकार शोभेसाठी नव्हता बरं का. विजेचा संदेश कितीही पळाला तरी प्रकाशाच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात जातो जेमतेम ३० सेंटिमीटर. शाळेच्या फूटपट्टीएवढा! म्हणजे तार लांबली की वेळ गेला. त्याचे जनक सेमूर क्रे यांनी मशीन गोल वळवलं आणि आतल्या बाजूच्या तारा आखूड ठेवल्या. भूमितीनं वेग वाढवला.

हाच क्रे भारताला हवा होता. १९८० च्या दशकात अमेरिकेनं भारताला हवं ते मॉडेल द्यायला नकार दिला. हवामानासाठी कमी ताकदीचं एक मशीन मिळालं, तेही अटी-शर्तींच्या जंजाळात. मग?

मग पुणे!

एनएच ६०, व्हाया खोडद

पुण्याकडे निघालोच आहोत तर नाशिकरोडवरून सिन्नर, संगमनेर, आळेफाटा असं नारायणगावपर्यंत या. डावीकडे आत वळलं की खोडद. जीएमआरटी! प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस-एक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या, सगळ्या मिळून एकच रेडिओ दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं हे स्वप्न.

इथे २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ हा सुपरकॉम्प्युटर रुजू झाला. त्याच दिवशी दिल्ली आणि कोलकाता इथल्या भावंडांचंही उद्घाटन झालं. तिघांचा मिळून खर्च १३० कोटी रुपये. काम काय? विश्वाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून येणारे, काही मिलिसेकंदांत विरून जाणारे रेडिओ लहरींचे स्फोट पकडणं. पापणी लवायच्या आत संपणारी गोष्ट डेटाच्या डोंगरातून शोधायची, तर यंत्रही तसंच तगडं हवं.

माहीत आहे का, नाशिक-पुणे रेल्वेच्या आधीच्या आराखड्याला याच दुर्बिणीचा सिग्नल लाल मिळाला? मार्ग जीएमआरटीजवळून जात होता आणि गाड्यांमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. आपल्या रेल्वेची वाट आकाशगंगेनं अडवली!

तिथे दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना नक्की न्या. मोबाइल मात्र बंद. इवल्याशा फोनचा आवाजही या दुर्बिणीला कर्कश वाटतो.

पंचवटी दोन आहेत!

एक गोदाकाठची. दुसरी पुण्यात, पाषाणला. आणि या दुसऱ्या पंचवटीत सी-डॅक या सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्या सरकारी संस्थेचं इनोव्हेशन पार्क आहे. नाशिककर इथे पाहुणा वाटणारच नाही.

सी-डॅकचा जन्म १९८८ चा. एससी परिषदेची पहिली घंटा वाजली त्याच वर्षी! सूत्रं हाती घेतली विजय भटकर यांनी. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा हा माणूस. मुदत तीन वर्षांची. जे विकत मिळत नव्हतं ते बनवायचं होतं, आणि ‘एकच महाबलाढ्य प्रोसेसर’ हा मार्ग परवडणारा नव्हता. म्हणून युक्ती केली : बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे छोटे प्रोसेसर घ्यायचे, ६४ एकत्र जोडायचे आणि काम सगळ्यांत वाटून द्यायचं. प्रोटोटाइप १९९० मध्ये थेट झ्युरिकच्या सुपरकॉम्प्युटिंग प्रदर्शनात जाऊन मिरवून आला आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ देशासमोर उभा राहिला. पुढे तो रशियातही पोहोचला. आज जगातले सगळे अव्वल सुपरकॉम्प्युटर याच ‘वाटून घ्या’ तत्त्वावर चालतात. तेव्हा पुण्याचा डाव काळाच्या पुढे होता, आणि हे मी छाती फुगवून सांगणार.

परम ८००० चा वेग साधारण एक गिगाफ्लॉप. आज तुमच्या खिशातला चांगला स्मार्टफोन त्याला कितीतरी पटींनी मागे टाकतो. तेवढ्या ताकदीवर आपण रील्स बघतो!

आता काढा बाहेर दुसरा देवळाली नंबर : २००७. त्या नोव्हेंबरात नेवाडातल्या रीनो शहरी एससी भरली होती. यादी झळकली आणि चौथ्या क्रमांकावर नाव होतं ‘एका’. पत्ता : पुणे! टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजनं उभारलेलं मशीन, वेग ११७.९ टेराफ्लॉप. नाव ‘एका’, नंबर चौथा, आणि आशियात पहिला! त्याच्या मूळ कल्पनेमागे होते नरेंद्र करमरकर. हो, तेच, ज्यांच्या १९८४ च्या ‘करमरकर अल्गोरिदम’नं विमान कंपन्यांपासून टेलिफोन कंपन्यांपर्यंत सगळ्यांची नियोजनाची गणितं सुकर केली. देवळालीचे कापरेकर आणि हे करमरकर : गणिताच्या जागतिक पुस्तकांत दोन मराठी ‘कर’, आणि त्यांच्यावर जीएसटी नाही!

२०२३ मध्ये सी-डॅकचा ‘ऐरावत’ हॅम्बुर्गच्या परिषदेत जाहीर झालेल्या यादीत ७५ वा आला. पेटाफ्लॉपचा हत्ती, राहायला पुण्यातच.

द्राक्षाला कळतो पेटाफ्लॉप

‘हे सगळं ठीक, पण आमच्या बागेला याचा काय उपयोग?’ असं निफाड-दिंडोरीचा शेतकरी विचारणारच. विचारायलाच हवं. उत्तर पाषाणलाच आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, चार पेटाफ्लॉपचा. २०२४ मध्ये आला ‘अर्क’, ११.७७ पेटाफ्लॉपचा.

हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकटीत वारा, बाष्प, तापमान मोजून पुढचा अंदाज बांधतं. पूर्वी जाळी होती १२ किलोमीटरची. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली आणि जाळी आली ६ किलोमीटरवर. निम्मीच तर झाली, असं वाटतं? गंमत इथेच आहे. जुन्या एका चौकटीत आता चार चौकटी, शिवाय वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे गणितं साधारण आठपट! एवढा भार पेलायला ‘अर्क’ हवा होता.

ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि आभाळ भरून आलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. डावणी येणार, घड कुजणार. फवारणी आज घ्यायची की उद्या? सरीआधी घेतलेली फवारणी धुऊन गेली तर औषधाचे पैसे आणि मजुरी दोन्ही पाण्यात. अशा वेळी ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक पाऊस’ एवढंच कळून भागत नाही. चौकट जितकी बारीक, तितका अंदाज बांधाच्या जवळ. सुपरकॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा रेकॉर्ड कुठला, असं मला विचाराल तर मी एक्साफ्लॉप नाही सांगणार, बांधाजवळ आलेला हा अंदाजच सांगेन.

निफाडपेक्षा गार!

उद्याचं काय? आधी वाईट बातमी : वीज. ‘एल कॅपिटन’ सुमारे ३० मेगावॉट वीज खातो. म्हणूनच परिषदांमध्ये आता वेगाइतकीच चर्चा असते थंड कसं ठेवायचं याची. पंखे, एसी मागे पडले. प्रोसेसरच्या अंगावरून थेट पाणी खेळवतात.

चांगली बातमी : क्वांटम कॉम्प्युटर. डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की टीव्हीवाले धावतात. त्यांना मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत पाठवा! तिथल्या क्वांटम चिपला उणे २७३ अंशांच्या अगदी काठावरची थंडी लागते. अंतराळाची पोकळीसुद्धा तिच्यापुढे ऊबदार. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओ आणि टीआयएफआर यांनी सहा क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटमच्या जगातला बिट) प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. आकडा छोटा आहे, पण परमची सुरुवातही ६४ चिप्सपासूनच झाली होती. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले आहेत.

आणि नाशिकचा नंबर इथेही लागतोच. माहीत आहे का, सेकंदाला एक लाख कोटी फ्रेम्सच्या हिशेबानं धावता प्रकाश टिपणारा कॅमेरा कुणाच्या टीमनं बनवला? एमआयटीच्या रमेश रासकर यांच्या. जन्मगाव : नाशिक! २०१५ च्या सिंहस्थाआधी त्यांच्याच पुढाकारानं नाशकात ‘कुंभथॉन’ भरला. गर्दी, स्वच्छता, आरोग्य, असले प्रश्न घेऊन कॉलेजची पोरं लॅपटॉप उघडून बसली. त्यातूनच नाशिकच्या एका शाळकरी मुलानं मित्रांसोबत पायाखाली अंथरायची साधी चटई तयार केली. पाऊल पडलं की दाब कळतो, आकडा वाढतो आणि कुठल्या रस्त्यावर गर्दी साचतेय ते लगेच समजतं. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला होता. त्या जखमेवरचं हे नाशिकचं स्वतःचं उत्तर. २०१५ मध्ये या चटयांनी लाखो पावलं मोजली.

कल्पना करा, २०२७ मध्ये हाच डेटा एखाद्या ‘परम’वर लाइव्ह पळाला तर? गर्दी तुंबण्याआधीच पोलिसांच्या फोनवर इशारा. तंत्रज्ञान हाताशी आहे, माणसं आपली आहेत. फक्त जोडायचं बाकी आहे.

मग, नाव कधी नोंदवताय?

अमेरिकेचं तिकीट महाग आहे, मान्य. पण माहीत आहे का, ‘हायपीसी’ ही हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगची आंतरराष्ट्रीय परिषद दर डिसेंबरात भारतातच भरते? २०१२ मध्ये ती पुण्यात होती. गोव्यात तर २००५, २०१०, २०१४ आणि २०२३ अशी वारंवार भरली. विद्यार्थ्यांना आपलं संशोधन मांडायला तिथे वेगळं व्यासपीठही आहे.

तेव्हा नाशिकच्या इंजिनीअरिंग आणि सायन्स कॉलेजांना थेट सांगणं : या वर्षी सहा जणांची टीम बांधा. जुने पीसी जोडा, त्यावर लिनक्स चढवा, लिनपॅक पळवा आणि पहिला प्रोग्राम ६१७४ चा लिहा. डिसेंबरच्या हायपीसीची आणि नोव्हेंबरच्या स्टुडंट क्लस्टर स्पर्धेची नावनोंदणी काही महिने आधीच सुरू होते. वेबसाइट आजच उघडून ठेवा.